न चाखलेली टोपली

माझे दीर नवनाथ म्हसे हे विज्ञानाचे तत्त्वज्ञ आहेत. हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं लोकांना सांगते आहे आणि मला स्वतःला ते अजून नीट कळलेलं नाही. मी बीएस्सी, वनस्पतिशास्त्र घेऊन. कर्जतला एकतीस वर्षं मुलांना पानांच्या शिरा दाखवल्या. म्हणजे विज्ञान मला ठाऊक आहे. तत्त्वज्ञान म्हणजे काय याचाही ढोबळ अंदाज आहे. पण दोन्ही एकत्र झाल्यावर जे तयार होतं ते आमच्या भिसेगावच्या घरात, पुढच्या खोलीत बसून चहा पितं आणि त्याचा मला थांग लागत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा भावोजी कॉलेजात शिकत होते. त्यांची पीएचडी सुरू झाली तेव्हा मी सरळ विचारलं होतं.

"भावोजी, तुम्ही नक्की काय शोधताय?"

"वैज्ञानिकांना एखादी गोष्ट कळली असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना ती खरंच कळलेली असते का, ते बघतो."

"आणि मग त्यांना जाऊन सांगता?"

"त्यांना वेळ नसतो, वहिनी."

यावर माणसानं काय बोलावं? मी भाजी निवडायला घेतली.

हे खूळ पुस्तकांतून आलेलं नाही. सासूबाई सांगायच्या, हा नऊ वर्षांचा असताना गावच्या देवीला कौल लावायला नेला होता. म्हैस हरवली होती. गुरवानं देवीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली. म्हैस सापडणार. सगळे हात जोडून बाहेर आले आणि हा आतच राहिला. गुरव बाहेर तंबाखू मळत होता तेवढ्यात यानं तोच प्रश्न देवीला आणखी सात वेळा विचारला. गुरवाची धरून पाच वेळा उजवी, तीन वेळा डावी. गुरवानं कान पिळला, सासऱ्यांनी घरी आणून पाठ शेकली. म्हैस संध्याकाळी आपण होऊन आली. याला त्याचं काही नाही. दोन दिवस मुसमुसत एकच विचारत होता, "मंग डावी का पडली?"

पुढे खालापूरकडच्या एका कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायला लागले. सुरुवातीला वर्ग भरलेला असायचा, मग मुलं कॉमर्सकडे वळली आणि शेवटच्या वर्षी तर्कशास्त्राला चार टाळकी उरली. त्यातला एक पळसदरीकडचा स्वप्नील. तो पुढे येणार आहे. लग्न यांनी केलं नाही. मुली बघितल्या होत्या दोन. दुसरीला यांनी विचारलं, मी तुम्हाला आवडलो हे तुम्हाला कशावरून कळलं? तिचे वडील चहा अर्धा टाकून उठले.

एक पुस्तक लिहिलं. परदेशातून तीन पत्रं आली, एक जपानहून. ती कपाटात आहेत. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी रक्तदाबाची गोळी घेते आणि बरं वाटतं म्हणते, तर हे म्हणतात, "गोळी घेतली नसती तर कसं वाटलं असतं, ते आपल्याला माहीत नाही." मी म्हणते, उद्या घेत नाही, तुम्ही डॉक्टरला फोन करून सांगा काय दिसलं ते. मग गप्प बसतात. मनातून गप्प बसतात असं मात्र वाटत नाही.

आता सोमी. पळसदरीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ठाकरांची एक वाडी आहे, तिथली. कर्जतच्या बाजारात ती गेली पंचवीस-तीस वर्षं रानातलं घेऊन बसते. शेवळं, कोवळे बांबू, करवंदं, ज्या त्या ऋतूत जे ते. मुलांना दाखवायला पानं, कंद मी तिच्याकडूनच घ्यायची. शास्त्रीय नावं माझ्याकडे, बाकी सगळं तिच्याकडे. थंडीत ती कडू करांदे आणते. हा वेलाचा कंद. असाच उकडून खाल्ला तर घसा धरतो, पोट उलटतं. वाडीतल्या बायका त्याच्या पातळ चकत्या करतात, राख घालून शिजवतात, टोपलीत भरून एक दिवस एक रात्र वाहत्या ओढ्यात ठेवतात. पाण्याबरोबर कडूपणा निघून जातो. आणि मग शेवटचं काम, चाखायचं.

हे चाखणं मी पाहिलेलं आहे. सोमीची सासू ठमी थकायच्या आधी करायची. जिनं शिजवलं तिनंच चाखायचं, दुसऱ्या कुणाच्या तोंडात आधी घालायचं नाही. प्रत्येक टोपलीतली एकेक चकती. आधी जिभेवर, मग गिळायची, मग उंबऱ्यात बसून राहायचं. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून पायरीवर उतरेपर्यंत पाणीसुद्धा नाही. घसा खवखवला नाही, पोटात ढवळलं नाही, की मग घरातल्यांना द्यायचं.

एकदा भावोजींना मी बरोबर नेलं होतं. ते ठमीसमोर तासभर बसले आणि घरी येऊन त्यांनी या चाखण्यावर चाळीस पानं लिहिली. पुस्तकात ते प्रकरण आहे. ठमीला मी सांगितलं, तुझ्यावर चाळीस पानं लिहिलीत आमच्या सरांनी. ती म्हणाली, "बसन्यावर?"

गेल्या जानेवारीत आमच्या बाजूच्या एका रिसॉर्टनं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रानातली थाळी काढली. स्वप्नील तिथं मॅनेजर. तो माझ्याकडे आला, "मॅडम, करांदे कुणाकडचे घ्यावेत?" मी म्हटलं, सोमीकडचे घे आणि डोळे मिटून खा. हे माझं वाक्य. मी ते नाकारत नाही.

शनिवारी दुपारी चौदा पाहुण्यांना उलट्या झाल्या. घसे सुजले. रविवारी सकाळपर्यंत सगळे उठून बसले, कुणाच्या जिवाला काही झालं नाही. पण एकानं व्हिडिओ काढला होता. त्यात तो गळा धरून सांगतोय की जंगलातल्या बायका विष विकतात. मंगळवारच्या आत तो तालुकाभर फिरला. बाजारात सोमीसमोर कुणी थांबेना. तिच्याच नव्हे, वाडीतून बाजारात बसणाऱ्या पाचही बायकांसमोर. कोवळी भाजी सुकली, त्यांनी ती गुरांना घातली. स्वप्नील म्हणाला, करांदे तिचेच होते, आमचं किचन स्वच्छ आहे. मग सरपंच वनिताताईंनी सभा लावली. ठरवायचं एवढंच होतं की सोमीनं आणि वाडीतल्या बायकांनी यापुढे रानातलं शिजवलेलं विकायचं की नाही.

सोमी माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, घरात येईना.

"बाई, सरांना सांगा ना. त्यांनी चार शब्द बोलले तर लोक आयकतील. ते शास्त्राचे हायेत."

मी आतल्या खोलीकडे बघितलं. शास्त्राचे! पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या बीएस्सीचा इथं उपयोग नव्हता, कारण शिफारस माझीच होती.

भावोजी म्हणाले, आधी वाडीत जाऊन येऊ. गेलो. चढ आहे, माझे गुडघे बोलत होते. त्यांनी ओढा पाहिला, पाण्यात काडी टाकून ती किती वेळात खाली जाते ते पाहिलं, राखेचं मडकं पाहिलं. मग सोमीच्या दारात बसून प्रश्न सुरू केले. किती टोपल्या होत्या? एरवी एक असते, या खेपेला दोन, कारण रिसॉर्टला जास्त हवे होते. दोन्ही ओढ्यात ठेवल्या का? हो. एकाच जागी? शेजारी-शेजारी. चाखलं कुणी?

"मीच."

"दोन्ही टोपल्यांतलं?"

सोमी पदराशी चाळा करत राहिली. तिचा नवरा शुक्रा आतून म्हणाला, "सांग ना गं, काय व्हायचं ते झालंय."

"पयलीतलं चाखलं. दुसरीतलं चाखायला बसनार तर टेंपो आला. अर्धा तास आदीच आला. डायवर हॉर्न मारत होता. मी म्हनलं पानी येकच, राख येकच, काय होतंय."

"म्हणजे दुसरी तशीच गेली."

"गेली."

उतरताना मी त्यांना बजावलं. "हे सभेत बोलायचं नाही."

"विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे? असले प्रश्न तुमच्याशिवाय कुणाला पडतात?"

ते काही बोलले नाहीत, आणि मी ते हो समजले. एवढ्या वर्षांत एवढंही न शिकलेली मी.

सभा शाळेच्या पडवीत. गाव खुर्च्यांवर, वाडीच्या बायका खाली सतरंजीवर. कुणी सांगितलं नव्हतं तसं बसायला, पण बसल्या होत्या. स्वप्नीलनं आपलं सांगून घेतलं. किचनचे फोटो दाखवले. वनिताताई म्हणाल्या, "सर, तुमी जानकार मानूस. तुमी सांगा, या बाईच्या करांद्यात दोष होता का नव्हता?"

भावोजी उठले. खिशातून कागद काढला, परत ठेवला.

"मला माहीत नाही," म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग खाली बसा." हशा झाला. वनिताताईंनी हात वर केला.

"चाखून बघणं ही परीक्षा आहे," ते पुढे बोलू लागले. "या बाई ती स्वतःच्या जिवावर करतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांत इतक्या कडक परीक्षा होत नाहीत. पहिल्या टोपलीची अशी परीक्षा झाली होती." इथंच थांबायचं होतं. मी डोळ्यांनी सांगत होते. "दुसऱ्या टोपलीची झाली नव्हती."

पडवीत असा काही आवाज झाला की मला पुढचं ऐकू येईना. स्वप्नील उभाच राहिला. "झालं ना! हेच आमचं म्हणणं!" शुक्रानं मान खाली घातली. सोमी सतरंजीवरून उठली आणि त्यांच्या अंगावर आल्यासारखी आली.

"सर, तुमाला मी माज्या दारात बसून सांगितलं व्हतं."

"हो," भावोजी म्हणाले. "ते खोटं होतं का?"

"खरं हाय म्हनून चावडीवर सांगायचं?"

मला वाटलं आता तरी हा माणूस खाली बसेल. मी त्यांचा सदरा मागून ओढला. ते तसेच उभे, आणि तिलाच विचारतात कसे, "सोमीबाई, दुसऱ्या टोपलीतलं सगळं गेलं का रिसॉर्टला?"

सोमीनं शुक्राकडे बघितलं.

"सगळं गेलं?"

"वाटा ठेवला," ती हळूच म्हणाली.

"कसला वाटा?"

"घरचा. दर टोपलीतला घरचा वाटा काडतोच आमी. शिजवलं त्यातलं घरच्यांनी नाय खाल्लं तर ते दुसऱ्याला द्यायचं नसतं." मग स्वप्नीलकडे न बघता, "ह्या रिसॉर्टवाल्यांनी सांगितलं व्हतं, सगळंच्या सगळं द्या, काय मागं ठेवू नका. मी ठेवलं. म्हनून बोलले नाय. चोर म्हनले असते."

"मग त्या वाट्याचं काय झालं?"

"खाल्ला की. शनवारी रातच्याला. मी, ह्ये, सासूबाई, सून, नातवंडं."

"कुणाला काही झालं?"

"काय व्हायचंय?" सोमी चिडून म्हणाली. "नातू तर परत मागत व्हता."

आता आवाज दुसऱ्या बाजूनं झाला. वाडीच्या बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. मी सुटल्यासारखा श्वास घेतला. म्हटलं, झालं, आता कोणीही सांगेल की दोष करांद्यांत नव्हता. वनिताताईही तेच म्हणाल्या, "म्हंजे सर, शिद्द झालं. बाईचं बरोबर व्हतं."

आणि आमचे भावोजी म्हणतात, "नाही. वरचा थर आणि तळचा थर यात फरक असू शकतो. वाटा वरून काढला की खालून?"

मी तिथंच, सगळ्यांसमोर, म्हटलं, "भावोजी, पुरे."

पण त्यांची मान स्वप्नीलकडे वळली होती. "स्वप्नील, किती ताटं वाढलीस?"

"साठेक असतील, सर."

"प्रत्येक ताटात किती चकत्या?"

"सात-आठ. ते कुकला माहीत."

"सोमीबाई, दोन टोपल्यांत एवढ्या होतात?"

सोमीनं बोटांवर मोजलं आणि नाही अशी मान हलवली. स्वप्नील फोनमध्ये बघायला लागला. कुकला विचारायला हवं होतं, पण कुक सोमवारीच त्याच्या गावाला निघून गेला होता, उत्तरेत कुठंतरी, आणि फोन उचलत नव्हता. कमी पडले म्हणून त्यानं आणखी कुठून आणले का, न शिजवता घातले का, कुणास ठाऊक. स्वप्नीलला ठाऊक होतं का? त्याचा चेहरा मी नीट पाहिला. एकतीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेत मी. पण मला सांगता येत नाही.

"तेव्हा कशानं झालं ते माहीत नाही, असं लिहा," भावोजी म्हणाले आणि अखेर बसले.

"सर," वनिताताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हाईत नाय असा ठराव असतो का कदी?"

अर्धा तास घोळ चालला. शेवटी ग्रामसेवकानं लिहिलं, दोष सिद्ध होत नाही, विक्रीस हरकत नाही. लोक पांगले. सोमीनं मला फाटकाशी गाठलं.

"काय लिवलं, बाई?"

"तू विकू शकतेस."

"ते नाय. माजी चूक हाय का नाय, काय लिवलं?"

"चूक आहे असं ठरत नाही, असं लिहिलंय."

"म्हंजे नाय?"

मी फाटकाची कडी लावली. म्हटलं, नाही. मग ती भावोजींकडे बघून म्हणाली, "तुमचा दीर कुनाच्या बाजूनं व्हता वो?" हे तिनं खरंच विचारलं, टोमणा नव्हता. दोन टोपल्यांची गोष्ट त्यांनी बाहेर काढली नसती तर वाट्याची निघाली नसती, हे मला दिसतं. पण त्यांना वाट्याची कल्पना आधी होती का? नव्हती. मी घरी येऊन विचारलं. म्हणाले, "नव्हती." मग काय म्हणून बोललात? म्हणाले, "अर्धी परीक्षा सांगून अर्धी लपवली तर ती परीक्षा राहत नाही." मी म्हटलं, आणि ती बाई? ते उठून आतल्या खोलीत गेले. त्या रात्री जेवले नाहीत. ते अपराधानं जेवले नाहीत की विचारात होते म्हणून, तेही मला कळलं नाही.

पुढच्या बाजाराला मी त्यांना बरोबर घेतलं नव्हतं. तेच आले, मागून, पिशवी न घेता. सोमी तिच्या जागी बसली होती. पुढ्यात केळीच्या पानावर करांद्याच्या चकत्यांचे वाटे लावलेले. लोक येत होते, जात होते, चालता चालता एक नजर टाकत होते. ठरावाचा कागद बाजारात कोण वाचतो? एक बाई थांबली, तिच्या नवऱ्यानं दंड धरून तिला पुढे नेलं.

भावोजी सोमीच्या पुढ्यात उकिडवे बसले. वयाच्या मानानं अवघड बसणं, हाडं वाजली. त्यांनी चकती उचलली. सोमी फक्त बघत राहिली. त्यांनी ती जिभेवर ठेवली, मग गिळली, आणि बसून राहिले. बाजारात. भर रस्त्यात. धोतर-टोपीतली दोन माणसं थांबली. मग एक रिक्षावाला.

"काय झालं, सर? चक्कर आली का?"

"नाही. थांबलोय."

"कशासाठी?"

"काही होतंय का ते बघायला."

लोक जमायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीकडे झुकलेला, पुस्तक लिहिलेला माणूस! पण उठवायलाही धीर होईना, कारण सोमी हात गुडघ्यांवर ठेवून अगदी ठमी बसायची तशी समोर बसली होती, आणि तीही थांबली होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी हातानं नको म्हटलं. पलीकडच्या दुकानाची सावली पानाच्या कडेला आली.

"काय नाय झालं," रिक्षावाला म्हणाला.

"मला झालं नाही," भावोजींनी दुरुस्त केलं. "त्यावरून तुम्हाला होणार नाही असं मी म्हणत नाही."

मी कपाळ बडवून घ्यायची बाकी होते. जमलेल्यांतली एक म्हातारी मात्र पुढे झाली आणि एका वाट्यावर बोट ठेवलं. तिनं यांचं बोलणं ऐकलं की नाही, ऐकून पुढे झाली की न ऐकता, देव जाणे. तिच्या मागे रिक्षावाल्यानं एक वाटा मागितला.

सोमी पानं गुंडाळायला लागली. पहिलं पान म्हातारीच्या हातात दिलं, दुसरं घेतलं, आणि वर न बघताच म्हणाली, "सर, बाजूला व्हा आता. गिऱ्हाईक खोळंबलंय."